स्थळप्रत

पावतीपुस्तकात कार्बन घालताना
निळी बाजू खाली आहे ना, मी दोनदा बघते.
वरची प्रत देणाऱ्याची. खालची इथेच राहते,
तिला म्हणायचं स्थळप्रत.
बावीस वर्षं हा शब्द लिहितेय;
अर्थ कळला तो रास्ता पेठेत, रद्दीच्या दुकानात.

आमचा निवारा ससूनच्या जवळच्या गल्लीत.
पेशंट आत, त्यांची माणसं आमच्याकडे.
सत्तावीस कॉट, दोन शेगड्या,
आणि संगमरवरी पाटीवर ज्यांचं नाव नाही
असे पुष्कळ देणारे.

कोंढव्याचा एक वेल्डर बावीस नंबरच्या कॉटवर
चाळीस रात्री झोपला होता, भाऊ वर वॉर्डात.
आता दर सहामाहीला पाचशे देतो, भावाच्या नावाने.
भाऊ गेला त्याला सात वर्षं झाली.
देणगीदार हयात नाही, ऑडिटर म्हणतो.
देणगी आहे ना, मी म्हणते.

आणि इंदुमती खळदकर.
दर महिन्याची अकरा तारीख, तीनशे एक रुपये,
रुमालाच्या गाठीत.
नाव लिहा, म्हणतात, पण घरी पत्र नको, फोन नको.
अकरा तारखेला काय झालं होतं
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
वहीत मात्र ते आहे, महिन्याला एक ओळ,
वाचणाऱ्याला वाचता येईल इतकं.

दिवाळीच्या साफसफाईत पोपटरावांनी
जुनी पुस्तकं काढली. माळा मोकळा झाला,
सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीसुद्धा.

पंधरा दिवसांनी, बसस्टॉपवर, फुटाणे संपले
आणि पुडीच्या तळाशी
माझंच अक्षर.
मिठाने पुसट. नाव, पत्ता, रक्कम,
खाली माझी लपेटदार सही.

फुटाणेवाल्याने दुकान दाखवलं.
विकताना तेरा रुपये किलो, परत घेताना सोळा.
साडेअकरा किलो भरलं. एकशे चौऱ्याऐंशी.
कुठल्या खात्यावर टाकणार? पर्समधून दिले.
रात्री जमिनीवर मांडून मोजली:
तीन पुस्तकं कमी.
ती गेली शहरभर, फुटाणे घेऊन.

आता सगळं कॉम्प्युटरवर.
सेक्रेटरींचा भाचा आला, हुशार, मनाने चांगला.
काकू, नुसती यादी द्या.
बाणेरच्या संस्थेचे तीन हजार, आपले नऊशे,
अदलाबदल. कामच वाढेल ना दोघांचं?
पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, विड्याच्या सुपारीसारखा.

मी विचारलं, किलोला काय भाव?
तो हसला. त्याला वाटलं, काकूंना कळलं नाही.
मला एवढंच विचारायचं होतं
की ही रद्दी परत विकत घ्यायला
कुठल्या पेठेत जायचं.

मीटिंगमध्ये माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला आहे.
निर्णय पुढच्या बैठकीत.
मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी
मी काढून, बारीक फाडून, चहाच्या चोथ्यात टाकली.
एवढं माझ्या हातात होतं.

अकरा तारीख.
खळदकरबाई आल्या, गाठ सोडू लागल्या.
मी म्हटलं, थांबा जरा.
आणि सांगितलं. माळा, पुडी, तीन पुस्तकं.
तुमचं त्यात असेल, नसेल, मला माहीत नाही.

पंखा फिरत होता.
त्यांनी गाठ परत बांधली.
मग बऱ्याच वेळाने पुन्हा सोडली.
माझ्याकडच्या कागदावर नाव लिहा, म्हणाल्या.
तुमच्याकडच्या कागदाचं तुम्ही बघा.

मी कार्बन खाली सरकवून घातला.
रक्कम उतरली. सही उतरली.
नावाची रेघ खालच्या पानावर
कोरी.

ऑडिटर विचारेल.
विचारू दे.